सर फिरोजशहा मेहता आणि मुंबईचा नगरकारभार

विद्यार्थीमित्रहो, बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथून आगगाडींत बसून आपण मुंबईच्या शेवटच्या स्थानकावर उतरलों व बाहेर आलों, म्हणजे समोरच मुंबई महानगरपालिकेची भव्य दगडी इमारत दृष्टीस पडते. तिच्या पुढें एका भारदस्त गृहस्थाचा पुतळा उभा आहे. मागें एकदां आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन तेथें गेलों असतां एका मुलानें विचारलें, "सर, हे मुंबईचे राजे होते का?" त्याचे सोबती हसूं लागले, परंतु तो प्रश्न वाटतो तितका वेडगळ नव्हता. पुतळा आहे सर फिरोजशहा मेहता यांचा, आणि त्यांच्या हयातींत लोक त्यांस खरोखरच "मुंबईचे अनभिषिक्त राजे" असें म्हणत असत. ज्यास ना सैन्य, ना खजिना, ना सिंहासन, अशा एका वकिलास ही पदवी कां मिळाली, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. तें सांगतां सांगतां नगराचा कारभार चालतो कसा, ह्याचाहि थोडासा विचार होईल. आणि तो विचार आपल्या दारांतल्या नळाशीं व गटाराशीं जोडलेला असल्यामुळें पालकांसहि तो कंटाळवाणा वाटूं नये, अशी आशा आहे.

प्रथम महापौर म्हणजे कोण, हें समजून घेऊं. 'पौर' म्हणजे पुरांत राहणारा, नागरिक. नागरिकांत जो अग्रेसर तो महापौर. हा सुंदर शब्द स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं मराठीस दिला असें मानतात. पण महापौर ह्या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या देशांत फार निरनिराळे अधिकार असतात. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरीं डॅनिएल होन हे १९१६ पासून १९४० पर्यंत सतत चोवीस वर्षें महापौर होते. तेथें महापौराचे अधिकार त्या काळीं मर्यादित असल्यामुळें त्यांना सर्वस्वी आपल्या मताप्रमाणें शहराचा गाडा हांकतां आला नाहीं. इंग्लंडांत बर्मिंगहॅमचे महापौर जोसेफ चेंबरलेन यांनीं १८७३ ते १८७६ ह्या तीनच वर्षांत शहराचा पाणीपुरवठा व दिवाबत्तीचा गॅस खाजगी कंपन्यांकडून नगरपालिकेच्या हातीं आणिला. आपल्याकडे मात्र महापौर हा सभेचा अध्यक्ष असतो. हुकूम सोडणारा अधिकारी आयुक्त हा निराळाच असतो. मुंबईंत तर १९३१ सालापर्यंत 'मेयर' हें नांवहि नव्हतें. 'अध्यक्ष' असेंच म्हणत. फिरोजशहा हे १८८४, १८८५, १९०५ व १९११ असे चार वेळां ह्या पदावर निवडले गेले. चार वर्षांची अध्यक्षता ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे. परंतु त्या चार वर्षांच्या आगेंमागें चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं त्याच सभागृहांत एक साधा सभासद म्हणून काम केलें, आणि तीच त्यांची खरी थोरवी होय.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजीं मुंबईंत एका पारशी व्यापारी कुटुंबांत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांत ते १८६४ सालीं पदवीधर झाले. कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांची त्यांच्यावर विशेष मर्जी होती. रुस्तमजी जमशेटजी जीजीभाई यांनीं देऊं केलेल्या शिष्यवृत्तीच्या आधारानें ते कायद्याच्या अभ्यासासाठीं विलायतेस गेले. तेथें दादाभाई नौरोजींच्या सहवासांत त्यांच्या मनावर सार्वजनिक कामाचे संस्कार झाले. १८६८ सालीं बॅरिस्टर होऊन ते परत आले, तेव्हां त्यांचें वय अवघें तेवीस वर्षांचें होतें.

त्या वेळची मुंबई कशी होती? १८७२ च्या जनगणनेंत तिची वस्ती सुमारें साडेसहा लाख भरली होती. गिरण्या निघत होत्या, बंदर वाढत होतें. पण गटारें उघडीं, रस्ते अरुंद आणि पाण्याची नित्य टंचाई. १८६५ च्या कायद्यानें कारभार एका आयुक्ताच्या हातीं देण्यांत आला होता, व त्याच्यावर देखरेख ठेवण्याचें काम सरकारनें नेमलेल्या न्यायाधीशांच्या, म्हणजे 'जस्टिस ऑफ दि पीस' ह्या प्रतिष्ठित मंडळींच्या सभेकडे होतें. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड हे मोठे धडाडीचे गृहस्थ होते. त्यांनीं रस्ते केले, गटारें साफ केलीं, आणि आज जिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात ती क्रॉफर्ड मार्केटची मंडई उभारली. पण खर्चास धरबंध राहिला नाहीं. कर वाढले, कर्ज वाढलें, आणि १८७१ सालीं करदाते खवळून उठले.

येथेंच आपल्या चरित्रनायकाची पहिली कसोटी लागली. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत धोबी तलावाजवळील फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्यें सव्वीस वर्षांच्या फिरोजशहांनीं नगरसुधारणेवर निबंध वाचला. श्रोत्यांस क्रॉफर्डसाहेबांची निंदा ऐकावयाची होती. फिरोजशहांनीं ती केली नाहीं. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें कीं, दोष एका माणसाचा नसून व्यवस्थेचा आहे. काम करणारा अधिकारी एकच असावा, कारण दहा जणांच्या हातीं दिलेलें काम कोणाचेंच राहत नाहीं; पण त्या अधिकाऱ्याकडून हिशेब मागणारी सभा लोकांनीं निवडलेली असावी, कारण सरकारनें नेमलेला माणूस सरकारच्या अधिकाऱ्यास जाब विचारण्यास कचरतो. हें बोलणें सभेस रुचलें नाहीं, आरडाओरड झाली. परंतु टाळ्यांसाठीं मत बदलावें, हें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. विद्यार्थीमित्रहो, ज्या सभेंत सारे एका सुरांत ओरडत आहेत तेथें उभे राहून शांतपणें कारणमीमांसा करणें, हें परीक्षेंतील कोणत्याहि प्रश्नाहून कठीण आहे.

पुढच्याच वर्षीं, १८७२ सालीं, नवा कायदा झाला. चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन स्थापन झाली व त्यांपैकीं निम्मे, म्हणजे बत्तीस, करदात्यांनीं निवडावयाचे ठरलें. हिंदुस्थानांत लोकनियुक्त नगरकारभाराचा हा एक मोठा आरंभ होता. १८८२ सालीं व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला आणि लोकांस आपला कारभार आपण चालविण्याचें शिक्षण मिळावें हें तत्त्व मान्य केलें. आपण स्थानकाबाहेर पाहतों त्या इमारतीची कोनशिला १८८४ च्या डिसेंबरांत ह्याच रिपनसाहेबांच्या हस्तें बसली. त्या वर्षीं अध्यक्षस्थानीं फिरोजशहाच होते. इमारत १८९३ सालीं पुरी झाली.

पण दगडी इमारतीहूनहि टिकाऊ अशी एक इमारत त्यांनीं व काशिनाथ त्र्यंबक तेलंगांसारख्या त्यांच्या सहकाऱ्यांनीं रचली. ती म्हणजे १८८८ चा मुंबई महानगरपालिकेचा कायदा. सरकारनें तयार केलेल्या मसुद्यांत आयुक्ताचे अधिकार वाढविण्याचा व सभेचे अधिकार आंखडण्याचा कल होता. ह्या दोघांनीं कायदेमंडळांत कलमामागून कलम तपासून, प्रसंगीं एकेका शब्दासाठीं झगडून, अंतिम सत्ता सभेकडे राहील अशी रचना करून घेतली. ह्या कायद्यान्वये सभासद बहात्तर झाले. त्यांत छत्तीस निरनिराळ्या प्रभागांतून निवडलेले, सोळा न्यायाधीशांनीं निवडलेले, दोन विद्यापीठाच्या सदस्यांनीं व दोन व्यापारी मंडळानें निवडलेले आणि सोळा सरकारनियुक्त होते.

ह्या रचनेचें मर्म नीट समजून घ्यावें. तिचीं तीन अंगें आहेत. पहिलें अंग म्हणजे सर्व सभासदांची महासभा. ती धोरण ठरविते व अंदाजपत्रक मंजूर करिते. दुसरें अंग स्थायी समिति. ती लहान असल्यामुळें वारंवार भरूं शकते आणि खर्चावर व कंत्राटांवर बारीक नजर ठेवते. तिसरें अंग आयुक्त. तो सरकारनें नेमलेला असतो आणि प्रत्यक्ष काम करवून घेतो. घरांतील उदाहरण द्यावयाचें तर, घरांत काय करावयाचें हें वडीलधारी मंडळी एकत्र बसून ठरवितात, पैशाची पिशवी आईच्या हातीं असते आणि बाजारहाट थोरला मुलगा करितो. मुलानें परस्पर पैसे उधळले तर आई विचारते. आईनें हात फारच आंखडला तर सारे मिळून विचार करितात. एकाच्या हातीं सारें देऊं नये, पण कोणाचें कोणतें काम हें स्पष्ट असावें, असा हा समतोल आहे.

आतां कोणी म्हणेल, असा समतोल कागदावर असून काय उपयोग? तो चालवावयास माणसें हवींत. हें अगदीं खरें आहे. फिरोजशहांचें सामर्थ्य मुख्यतः अभ्यासांत होतें. अंदाजपत्रकाचे रुक्ष आंकडे ते बारकाईनें वाचीत, जुने ठराव त्यांस आठवत असत, आणि कायद्याचें कलम तर जिभेवर असे. आयुक्त बदलत, गव्हर्नर बदलत, सभासद येत व जात. पण सभागृहाची स्मृति एका माणसाच्या ठिकाणीं साठलेली होती. त्यामुळें अध्यक्ष कोणीहि असला तरी सारे कान फिरोजशहा काय बोलतात तिकडे लागलेले असत.

ह्या काळांत शहराचीं कामें कशीं झालीं, ह्याचें एक उदाहरण आपल्या ठाणें जिल्ह्यांतलेंच आहे. मुंबईस प्रथम १८६० सालीं विहार तलावाचें पाणी मिळालें, नंतर १८७९ सालीं तुळशीचें. तेंहि पुरेना, तेव्हां शहापूर तालुक्यांत तानसा नदीवर मोठें धरण बांधून १८९२ सालीं तेथील पाणी नळानें दूर मुंबईस नेण्यांत आलें. एवढें मोठें कर्ज काढावें कीं नाहीं, कर किती बसवावा, ह्या प्रश्नांचा खल ह्याच सभागृहांत झाला. नळाची तोटी सोडतांना आपणांस पाणी दिसतें. त्यामागील चर्चा, आंकडेमोड व कर मात्र दिसत नाहींत.

दुसरें उदाहरण शाळेचें आहे. पोलिसांच्या खर्चाचा भार कोणी सोसावा, ह्याविषयीं सरकार व कॉर्पोरेशन यांच्यांत अनेक वर्षें वाद चालू होता. फिरोजशहांचें मत असें कीं, ज्या पोलिसांवर शहराची सत्ता चालत नाहीं त्यांचा खर्च शहरावर लादूं नये. तोच पैसा मुलांच्या शिक्षणाकडे व रोग्यांच्या औषधोपचाराकडे लागावा. १९०७ सालीं कायद्यानें ह्या वादाचा निकाल लागला. पोलिसांचा खर्च सरकारनें घेतला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत ह्यांची जबाबदारी शहरानें उचलली. मुंबईंतील लक्षावधि गरीब मुलें पुढें महानगरपालिकेच्या शाळांत शिकलीं, त्याची आर्थिक बैठक ह्या तडजोडींत आहे.

त्याच १९०७ सालीं त्यांना सत्ताधाऱ्यांच्या रोषाचा अनुभव आला. त्यांचा प्रभाव मोडावा म्हणून कांहीं युरोपियन अधिकारी व त्यांचे स्नेही यांनीं एक कंपू बनविला. सरकारचे अकाउंटंट जनरल हॅरिसन व 'टाइम्स ऑफ इंडिया'चे संपादक लोव्हॅट फ्रेझर हे त्यांत प्रमुख होते. न्यायाधीशांच्या मतदारसंघांतून सोळा जण निवडावयाचे होते. ह्या कंपूनें नेमके सोळा उमेदवार उभे करून त्यांच्यासाठीं मतें गोळा केलीं. फिरोजशहांचा क्रमांक सतरावा लागला! ज्यानें ती सभा घडविली त्यालाच तिच्या दाराबाहेर उभें राहण्याची पाळी आली. शहरांत मोठी खळबळ उडाली. पुढें निवडून आलेल्यांपैकीं एकाची निवड कायद्याप्रमाणें रद्द ठरल्यामुळें फिरोजशहा पुन्हां सभागृहांत आले, आणि चार वर्षांनीं चौथ्यांदा अध्यक्ष झाले. पराभवानें रुसून घरीं न बसणें, हा त्यांचा गुण आम्हांस त्यांच्या विजयांहून मोठा वाटतो.

त्यांचें कार्य नगरापुरतेंच नव्हतें. १८८५ सालीं तेलंग व बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यासह त्यांनीं बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन स्थापन केली. १८९० सालीं कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १९०१ सालीं शेतकऱ्यांच्या जमिनीसंबंधीं एक विधेयक मुंबईच्या कायदेमंडळांत आलें, तेव्हां त्याचा निषेध म्हणून ते सभागृह सोडून बाहेर पडले, व त्यांच्या मागून गोपाळ कृष्ण गोखलेहि. १९०४ सालीं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. लोकांची बाजू मांडणारें 'बॉम्बे क्रॉनिकल' हें वृत्तपत्र त्यांनींच काढविलें. ५ नोव्हेंबर १९१५ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

थोर पुरुषांचें चरित्र लिहितांना दोष झांकण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. फिरोजशहा करारी होते, आणि करारीपणाची दुसरी बाजू म्हणजे विरोध सहन न होणें, ती त्यांच्या ठिकाणीं होती. त्यांच्यापुढें बोलावयास नवखे सभासद धजत नसत. त्यांच्या काळीं मतदानाचा हक्क ठराविक रकमेचा कर भरणाऱ्यांनाच होता. गिरणींत राबणारा मजूर मतदार नव्हता, आणि त्याची चाळ कोंदट व अंधारी राहिली. सभागृहांत घरमालकांचें वजन मोठें होतें, भाडेकऱ्याचें नव्हतें. १८९६ सालीं प्लेग आला, तेव्हां ह्या दुर्लक्षाची किंमत गरिबांनीं प्राण देऊन मोजिली. त्यानंतर १८९८ सालीं सरकारनें शहरसुधारणेसाठीं निराळें विश्वस्त मंडळ नेमलें, ह्याचें एक कारण कॉर्पोरेशनच्या ह्या उणिवेंतच होतें. ज्या स्वराज्याचें दार फिरोजशहांनीं उघडलें, त्यांतून सर्वांस आंत यावयास पुढें बरींच वर्षें लागलीं. १९४८ सालीं मुंबईंत प्रौढ मतदानानें महानगरपालिकेची निवडणूक झाली, तेव्हां कोठें मजूर व मालक एका रांगेंत उभे राहिले.

तथापि दार उघडणाराचें ऋण विसरूं नये. १८८८ चा तो कायदा अनेक दुरुस्त्यांसह मुंबईंत अद्याप चालू आहे. १९४९ च्या कायद्यानें तीच तीन अंगांची रचना महाराष्ट्रांतील इतर महानगरांस लागू झाली, व आपल्या उल्हासनगरची महानगरपालिकाहि त्याच कायद्याखालीं चालते.

आतां आपल्या घराकडे वळूं. उल्हासनगर हें दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी छावणीच्या जागीं, फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या निर्वासितांनीं वसविलेलें शहर. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्यास हें नांव मिळालें. सर्वस्व मागें टाकून आलेल्या माणसांनीं बराकींतून बाजारपेठ उभी केली. १९९६ सालीं तेथें महानगरपालिका झाली. अंबरनाथ हें शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या, शिवमंदिराचें प्राचीन गांव. पुढें कारखान्यांचें नगर झालें. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें. १९८३ सालीं कल्याण महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां अंबरनाथ व बदलापूर हीं दोन्ही तिच्यांत घातलीं गेलीं, आणि १९९२ सालीं तीं पुन्हां वेगळीं होऊन त्यांच्या स्वतंत्र नगरपालिका झाल्या. आपला कारभार दुरून न होतां आपल्या गांवांतून व्हावा, ही जी लोकांची ओढ, तीच फिरोजशहांच्या आयुष्याची ओढ होती.

पण स्वराज्य एकदां मिळालें म्हणजे तें आपोआप टिकतें असें नाहीं. अंबरनाथ व बदलापूर येथील नगरपालिकांची मुदत २०२० सालीं संपली, उल्हासनगरची व मुंबईची २०२२ सालीं. आणि त्यानंतर कित्येक वर्षें निवडणूक न होतां कारभार एकट्या प्रशासकाच्या हातीं राहिला. प्रशासक कितीहि कर्तबगार असो, त्याला भर सभेंत उभें करून "हा खर्च कां केला?" असें विचारणारा लोकांचा माणूस त्या काळांत नव्हता. म्हणजे १८७१ सालीं त्या तरुण बॅरिस्टरानें जो प्रश्न मांडिला तो दीडशें वर्षांनींहि जुना झाला नाहीं. शिवमंदिराच्या पायथ्याशीं वाहणारी वालधुनी नदी पहा. ती एके काळीं निर्मळ होती. कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें तिचा नाला झाला. २०१९ च्या जुलैंत उल्हास नदीस पूर आला आणि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली, तें दृश्य आपणांपैकीं पुष्कळांच्या पालकांस आठवत असेल. नदी, नाला, कचरा, पाणी हे प्रश्न भाषणांनीं सुटत नाहींत. अंदाजपत्रक वाचणारा, ठराव लक्षांत ठेवणारा, वर्षानुवर्षें तोच प्रश्न पुन्हां पुन्हां विचारणारा माणूस सभागृहांत लागतो, आणि तसा माणूस निवडणारे मतदार बाहेर लागतात.

पालकांस आमची विनंति आहे कीं, घरीं पाणीपट्टीचें व घरपट्टीचें बिल आलें म्हणजे तें मुलांस एकदां वाचावयास द्यावें. कोणता पैसा कशासाठीं घेतला जातो, हें त्यांस विचारूं द्यावें. उत्तर आपणांस ठाऊक नसलें तर दोघांनीं मिळून शोधावें. नागरिकशास्त्राचा त्याहून चांगला धडा आमच्या पाठ्यपुस्तकांतहि नाहीं.

त्या दिवशीं पुतळ्यापाशीं ज्या मुलानें प्रश्न विचारला त्यास आम्हीं उत्तर दिलें, "राजे नव्हते रे, नगरसेवक होते." तो थोडा निराश झालेला दिसला. परतीच्या गाडींत मात्र कळवा मागें पडल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला व म्हणाला, "सर, आमच्या गल्लींतला नाला दर पावसाळ्यांत तुंबतो. तें कोणाला विचारायचें?" आम्हीं त्यास प्रभागाचा क्रमांक विचारला, त्यास तो ठाऊक नव्हता. दुसऱ्या दिवशीं शाळेंत येतांना तो हातावर शाईनें लिहून घेऊन आला. सर फिरोजशहांच्या स्मृतीस आमच्या शाळेची ती छोटीशी आदरांजलि समजावी.